भोंग्यातली कानटोपी

लग्न झाल्यापासून मी एका ट्रम्पेटशी संसार केला. नवरा त्या ट्रम्पेटच्या मागे उभा असायचा, एवढंच.

धारला आम्ही ज्या गल्लीत राहतो तिथे घराघरात वाजवणारे. आमचे पूर्वज मराठी फौजेबरोबर शिंगं आणि नगारे घेऊन माळव्यात आले. पुढे संस्थानाचा बँड झाला तेव्हा शिंगं जाऊन पितळी वाद्यं हातात आली. संस्थान गेलं, वाद्यं राहिली, आणि उरली ती लोकांची लग्नं. माझे हे, उदाजीराव, गल्लीतल्या बँडाचे पहिले ट्रम्पेटवाले. वरात आमच्या दारावरून जाई तेव्हा फडताळातले पेले थरथरायचे. ‘वहिनी, तुमच्या घरी काय बुवा, रोज संगीत!’ असं कुणी म्हटलं की मला त्याच्या कानफटात द्यावीशी वाटायची. मला आवड होती ती शांततेची, आणि ती सोडून देवाने मला सगळं दिलं होतं.

गेल्या वर्षी यांचा डावा डोळा गेला. काचबिंदू. दुखलं नाही, खुपलं नाही, कडेकडेने अंधार सरकत आला आणि यांनी तो कुणाला सांगितला नाही. इंदूरच्या डॉक्टरीणबाईंकडे पोचलो तोवर त्या डोळ्यात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उजवा अजून चांगला होता. बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, ‘‘काका, थेंब रोज घालायचे. आणि ट्रम्पेट बंद. जोर लावून फुंकलंत की डोळ्यातला दाब चढतो. गेलेली नजर मी परत आणू शकत नाही.’’ मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं, तर हातातलं ताट टाकून यांना घेऊन या. सकाळची वाट बघू नका.’’

बँडात यांनी दातांचं काम चाललंय असं सांगितलं. डाव्या डोळ्याचं गल्लीत कुणाला कळू दिलं नाही, मलाही शपथ घातली. एका डोळ्याने आंधळ्या माणसाला वरातीच्या घोड्यापुढे कोण चालू देणार? पण खरी भीती लग्नांची नव्हती, दसऱ्याची होती.

दसऱ्याला आमच्या पेठेतल्या देवीची पालखी सीमोल्लंघनाला निघते. निघण्याआधी आमच्या घराची सलामी होते. ट्रम्पेटचे तीन लांब सूर, शेवटचा सगळ्यांत उंच, कळस हलेल असा. तो सूर पडल्याशिवाय भोई पालखी उचलत नाहीत. हा आमच्या घराचा मान. घर एका वर्षी चुकलं, तर त्या वर्षी जो वाजवील त्याचा मान, आणि तो परत येत नाही. यांच्या वडिलांनी ताप अंगात असताना सलामी वाजवली होती आणि ती गोष्ट मला सासरी आल्या आल्या ऐकवण्यात आली होती.

‘‘वर्षातून एकदा,’’ हे म्हणायचे. ‘‘तीन सूर. त्याने काय होतंय?’’

‘‘डोळा जाईल,’’ मी म्हणायची. ‘‘मग मी तुम्हाला हाताला धरून संडासला नेणार आहे का?’’

हे भांडण वर्षभर आमच्या घरात पाटावर बसून जेवत होतं.

आमचा अंशुल देवासला कारखान्यात आहे. टेकडीच्या पायथ्याशी एका घरात खालची खोली भाड्याने घेऊन राहतो. घरमालकीण वर राहते, तिला सगळे माई म्हणतात. कामावरून आला की हा लॅपटॉप उघडून गाणी जुळवत बसतो हे मला ठाऊक होतं. रॅप करतो, म्हणाला होता. रॅप म्हणजे हातवारे करून भांडण, अशी माझी समजूत. आमच्या खानदानात आवाज करणारे कमी होते म्हणून हा एक राहिला होता, असं मी म्हटलंही होतं.

डोळ्याच्या तपासणीनंतर एका रविवारी आम्ही त्याच्याकडे उतरलो. हे रस्ताभर एक शब्द बोलले नव्हते. अंशुलने माझ्या कानांवर हेडफोन चढवले. ‘‘आई, बस दो मिनट सुन. चिडू नको.’’

मी चिडायच्या तयारीने ऐकायला बसले. आधी नुसती खरखर आली, जुनी तबकडी फिरावी तशी. मग पियानोचे चार-पाच सूर, कुणी दुसरं काही काम करता करता सहज बोटं फिरवल्यासारखे. तेच परत, आणि परत. त्याखाली जाड तारेचा एक आवाज चालत होता, ड्रमवर कुणीतरी झाडू फिरवत होतं. ठेका थोडा मागे रेंगाळायचा, घाई म्हणून नाही. आणि त्यावर माझा मुलगा बोलत होता. ओरडत नव्हता. कारखान्याची पाळी, टेकडीच्या पायऱ्या, बाबांचे थेंब घालायची वेळ, असं काहीबाही, निम्मं हिंदी, निम्मं मराठी, मध्येच माळवी. उन्हाळ्यात ओट्यावर बसून आपण जसं बोलतो तसं.

आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या तरी गाण्याने मला ‘हटो बाजू’ म्हटलं नव्हतं. माझ्यासाठी जागा ठेवली होती त्यात. मी हेडफोन काढले आणि म्हटलं, ‘‘परत लाव.’’

अंशुलला हसू आवरेना. ‘‘जॅझ हिपहॉप म्हणतात याला, आई. यात बाबांचा ट्रम्पेट पाहिजे. एकदम हळू.’’

‘‘हळू?’’ हे पहिल्यांदा बोलले. ‘‘हळू वाजवायला मी काय चोर आहे?’’

पण त्यांचे डोळे, म्हणजे डोळा, चमकला ते मी पाहिलं. आणि मीच पुढे झाले. बाईंनी जोर लावून फुंकू नका म्हटलंय, हळू फुंकायला काय झालं? मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. ट्रम्पेट पुढच्या रविवारी धारहून पिशवीतून आला.

माईंची दुपारची झोप मोडायला नको होती. त्यावरचा उपाय आमच्या गल्लीत पोराटोरांना माहीत असतो. घरात रियाज करायचा तर ट्रम्पेटच्या पुढच्या भोंग्यात कापडाचा बोळा कोंबायचा, शेजारी शिव्या घालत नाहीत. मी अंशुलची लहानपणची लोकरीची कानटोपी बरोबर नेली होती. ती चांगली दाबून भोंग्यात बसवली आणि मनात म्हटलं, आवाज कमी म्हणजे जोर कमी, डोळ्याचीही काळजी मिटली.

मग हे वाजवायला लागले. मला तो आवाज सांगता येत नाही. घोगरा, उबदार, जरा खोकला झाल्यासारखा. वरातीपुढे छाती काढून चालणारा माझा नवरा त्या टोपीच्या आतून काहीतरी कबूल करत होता. मला रडू आलं, आणि मी ते पदराने पुसत म्हटलं, ‘‘छान आहे. परत वाजवा.’’

मग रविवार आमचे झाले. आठवडाभर घरात तोंड पाडून बसणारा माणूस शनिवारीच इस्त्रीचा सदरा काढून ठेवू लागला. अंशुल समोर माईक लावून पुन्हा पुन्हा वाजवून घ्यायचा. ‘‘बाबा, बस एक और.’’ आणि नंतर त्यातून काय ठेवायचा, तर यांनी सूर सोडून श्वास घेतला तो तुकडा!

‘‘अरे, ते तर मी चुकून थांबलो होतो,’’ हे म्हणाले.

‘‘वही तो मस्त है, बाबा. तुम्ही थांबलात ना, तिथेच माणूस ऐकायला लागतो.’’

घरी येताना बसमध्ये हे बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, ‘‘बँडात मी थांबलो तर वरात थांबते. याच्या गाण्यात थांबलं तरी चालतं गं. खाली ठेका चालूच असतो.’’ इतक्या वर्षांत या माणसाने मला वाजवण्याबद्दल काही सांगितलं असेल तर ते हे एवढंच. मला वाटलं, आता दसऱ्याचा हट्टही सुटेल.

नवरात्र तोंडावर आलं आणि तपासणीची तारीख आली. बाईंनी उजव्या डोळ्याचा दाब मोजला, परत मोजला. मग खुर्ची मागे सरकवली.

‘‘थेंब घालताय?’’

‘‘मी स्वतः घालते,’’ मी म्हटलं.

‘‘ट्रम्पेट?’’

हे छताकडे बघायला लागले. मीच बोलले. आणि लाजत नाही, ऐटीत बोलले. मोठ्याने अजिबात नाही हो, रविवारी मुलाकडे, हळू, आणि भोंग्यात टोपी घालून.

 बाईंनी टेबलावरची सरबताची नळी माझ्या हातात दिली. ‘‘फुंका.’’ मी फुंकलं. ‘‘आता पुढचं टोक बोटांनी दाबून धरा, आणि तेवढीच हवा बाहेर काढा.’’ मी दाबलं आणि फुंकलं. गाल फुगले, कानशिलं ताठ झाली, डोळ्यांच्या मागून काहीतरी पुढे ढकलल्यासारखं झालं.

‘‘भोंगा बंद केला की बाहेर आवाज कमी येतो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आत जोर जास्त लागतो. आणि तुम्ही हे किती रविवार केलंत?’’

 जो आवाज ऐकून मी ‘परत वाजवा, परत वाजवा’ म्हणत होते, तो यांच्या डोळ्याच्या नसेवर बसून निघत होता. टोपी मी दाबून बसवली होती, या हातांनी. बाईंनी थेंब वाढवले आणि आता हळू नाही, मोठ्याने नाही, काहीच नाही असं तीनदा बजावलं.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, ‘‘म्हणजे दोन्ही बंद.’’

‘‘दोन्ही.’’

‘‘मग दसरा तरी कशाला सोडू?’’

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मी घाबरले. हट्टी माणसाशी भांडता येतं. ज्याचं ठरलंय त्याच्याशी काय भांडणार?

अंशुलला फोनवर सांगितलं तर तो रडायलाच लागला. ‘‘मैंने ही बोला था ना, एक और टेक. आई, मी सगळं डिलीट करतो. अभी करतो.’’

‘‘खबरदार!’’ मी ओरडले. इतक्या जोरात, की स्वतःचीच लाज वाटली. डोळा हवा होता मला, त्यात शंका नाही. पण तो आवाजही हवा होता, आणि दोन्ही एकदम हवं असणं म्हणजे काय, ते त्या फोनवर मला समजलं.

यांनी फोन माझ्या हातातून घेतला. ‘‘राहू दे रे. काढू नकोस. माझं तेवढंच तर आहे कुठेतरी.’’

नवरात्रात हे रोज चिंचेच्या कोळाने ट्रम्पेट घासत बसायचे. मी ट्रम्पेटची फुंकायची तोंडी काढून ज्वारीच्या डब्यात लपवली. यांनी विचारलंसुद्धा नाही. बाजारात गेले आणि दुसरी घेऊन आले, आणि माझ्यादेखत कपड्यात गुंडाळून खिशात ठेवली. मी जेवण टाकलं, तर हे एकटे जेवले. मी म्हटलं, गल्लीत सगळ्यांना सांगते तुमचा डोळा गेलाय म्हणून. हे म्हणाले, ‘‘सांग. शपथ मोडायची तर मोड.’’ नाही मोडवली माझ्याने. सकाळ-संध्याकाळ मी त्यांच्या डोळ्यात थेंब घालत होते, आणि तेवढा वेळ ते मान वर करून माझ्यापुढे मुकाट बसायचे. तेवढ्यापुरता तो डोळा माझा असायचा.

दसऱ्याला अंशुल मित्राची गाडी मागून घेऊन आला. मी त्याला गाडी देवळाच्या तोंडाशीच, इंदूरच्या दिशेने लावून ठेवायला सांगितलं. बायकांनी पुढे उभं राहायची पद्धत नाही, तरी मी वाजवणाऱ्यांच्या रांगेत यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. कुणी काही म्हटलं नाही. माझं तोंड बघून म्हणायची हिंमत झाली नसावी.

उन्हं उतरली होती. अंगणात पालखी सजून तयार, समोर उंच समया लावलेल्या. यांच्या डावीकडे शौर्य उभा होता, बँडातला दुसरा ट्रम्पेटवाला. यांच्याच हाताखाली शिकलेला पोरगा. हात चांगला, छाती त्याहून चांगली.

हे पितळ गरम करायला म्हणून खालचे दोन-तीन सूर वाजवत होते.  मग ते थांबले. ट्रम्पेट खाली घेतला आणि समोर बघत, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘कुसुम, समयांना कडं दिसतंय का गं तुला?’’

‘‘कसलं कडं?’’

‘‘रंगीत. आत निळं, बाहेर तांबडं.’’

 ओरडावं, ट्रम्पेट हिसकावून भिंतीवर आपटावा असं वाटलं, पण मी सरळ आवाजात म्हटलं, ‘‘नाही. नुसत्या समया आहेत.’’

 भोयांनी गुडघे टेकले, दांड्याला खांदे लावले. पुजाऱ्यांनी हात वर केला. अंगण गप्प झालं. सगळे आमच्याकडे बघत होते. यांनी ट्रम्पेट ओठांना लावला, आणि मी त्यांचा दंड धरला. गच्च. मला वाटलं झिडकारतील. त्यांनी छातीभर श्वास घेतला. मला तो दंडातून कळला. मी मनात म्हटलं, गेला डोळा.

आणि ते थांबले. रविवारी माईकपुढे थांबायचे तसे, श्वास आत धरून, घाई न करता. भोई खोळंबलेले, पुजाऱ्यांचा हात तसाच वर, मागून कुणीतरी ‘काय झालं, काय झालं’ म्हणायला लागलेलं. मग तो सगळा श्वास त्यांनी नाकावाटे हळूच सोडून दिला.

त्यांनी शौर्याला शोधायला मान वळवली. तो हातभर अंतरावर उभा होता, तरी यांना दिसेना. अख्खी मान, मग खांदे, मग पूर्ण अंग वळवावं लागलं. तेव्हा अंगणातल्या सगळ्यांना कळलं की उदाजीरावांना डाव्या डोळ्याने दिसत नाही. वर्षभर जपलेली गोष्ट अशी सगळ्या गावासमोर उघडी पडली आणि ती पडताना मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही.

त्यांनी स्वतःचा ट्रम्पेट शौर्याच्या हातात दिला. ‘‘वाजव.’’

पोरगा पांढराफटक पडला. ‘‘नहीं काकासाब. मान तो आपके घर का है.’’

‘‘आता तुझ्या घरचा. वाजव रे, भोई खोळंबलेत.’’

शौर्याने वाजवलं. पहिला सूर किंचित कापला, दुसरा सरळ गेला, तिसरा उंच, लांब, कळस हलेल असा. ज्या आवाजाचा मी जन्मभर राग केला तो दुसऱ्याच्या छातीतून निघाला आणि मला हुंदका आवरेना. आमच्या घराचं जे होतं ते त्या सुराबरोबर गेलं. तरी मी यांना ओढायला लागले. ‘‘चला. गाडी उभी आहे. बाईंना फोन करते. अहो, चला ना!’’

अंशुलही गर्दीतून वाट काढत येऊन पोचला होता. ‘‘बाबा, चलो. जल्दी.’’

हे जागचे हलले नाहीत. उजवा डोळा सताड उघडा ठेवून पालखीकडे बघत होते.

‘‘आधी पुढचे दोघे उठतात होय?’’ ते म्हणाले. ‘‘मग मागचे. आणि देवी अशी मागे झुकते.’’

‘‘म्हणजे काय? दरवर्षी तशीच उठते.’’

‘‘मला काय माहीत?’’ हे म्हणाले. ‘‘सलामी देताना माझे डोळे मिटलेले असतात. मी पालखी उठताना कधी पाहिलीच नाही.’’

मी त्यांचा दंड सोडला नाही, पण ओढायची थांबले. अंशुल माझ्या तोंडाकडे बघत होता, आता काय करायचं म्हणून. पालखी भोयांच्या खांद्यावर सरळ झाली आणि दाराकडे निघाली.

‘‘दाराबाहेर पडेपर्यंत बघून घेतो,’’ हे म्हणाले. ‘‘मग ने मला.’’